लीप (गर्भाशयाच्या तोंडावरची बिघडलेली जागा करंटच्या तारेने काढणं) झाल्यानंतरचा दुसरा आठवडा : कुणाचा अनुभव आहे का?

जुई_नवी
५ सप्टेंबर २०२४, रात्री ११.४०

आयडी नवा काढलाय, कारण जुन्या आयडीला इथे माझी नणंद ओळखते. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा, पण कृपया उडवू नये.

हकीकत अशी. वय ३४, ठाण्यात राहते, मुलगी पहिलीत आहे. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत यंदा पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी तपासतात ती) आणि एचपीव्ही (तिथल्या कॅन्सरला कारण होणाऱ्या विषाणूची) अशा दोन्ही चाचण्या होत्या. फुकट होत्या म्हणून केल्या, खोटं कशाला बोलू. मला काही म्हणजे काही त्रास नव्हता. अंगावरून जात नव्हतं, पाळी सोडून कधी रक्त दिसलं नव्हतं. रिपोर्ट आला, एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह. मग कॉल्पोस्कोपी झाली. त्यात दुर्बिणीतून गर्भाशयाचं तोंड बघतात आणि पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे आपलं व्हिनेगरच. जिथे पेशी बिघडलेल्या असतात तिथे पांढरं पडतं. डॉक्टरबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. दुधावरची साय एका बाजूला सरकावी तसं दिसत होतं. तिथला चिमूटभर तुकडा बायोप्सीला गेला, तो आला सीआयएन ३, म्हणजे पेशींच्या बिघाडाची वरची पायरी. कॅन्सर नाही, पण तसाच सोडला तर काही वर्षांत होऊ शकतो, असं मला सांगितलं.

२७ ऑगस्टला लीप केलं. दहीहंडीचा दिवस. रस्ते बंद होतील म्हणून सकाळी सातलाच पोचले होते. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. इंजेक्शन दिल्यावर छाती धडधडायला लागली आणि पाय असे थरथरायला लागले की सिस्टरने गुडघ्यांवर हात ठेवला. भुलीच्या औषधात ॲड्रेनॅलिन असतं, त्याने होतं म्हणे. हे आधी सांगितलं असतं तर मी "मला हार्ट अटॅक येतोय" असं ओरडले नसते. मांडीला एक गार चिकट पट्टी लावतात, करंटसाठी. मग तारेचा एक छोटा फास आणि धूर ओढून घेणाऱ्या मशीनची घरघर. दुखलं नाही. वास मात्र आला. कसला ते लिहीत नाही. बाहेर लाऊडस्पीकरवर "गोविंदा आला रे" चालू होतं आणि आत डॉक्टरबाई म्हणत होत्या, झालं, झालं, पाचच मिनिटं. पंधराएक मिनिटांत खरंच झालं. दुपारी मी घरी वरणभात खात होते.

पहिला आठवडा मजेत गेला. तपकिरी पाणी जात होतं, अधूनमधून कॉफीच्या गाळासारखा काळा चुरा. रक्त थांबवायला पिवळट लेप लावतात, तो असा बाहेर पडतो. हे माहीत होतं, डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं होतं. त्याच कागदावर "चार आठवडे संबंध नको, पोहणं नको, फक्त पॅड, जड उचलू नये" असंही लिहिलंय.

जड म्हणजे किती जड, ते लिहिलेलं नाही.

आज नववा दिवस. मला बरं वाटत होतं, आणि पाण्याचा वीस लिटरचा जार दारात होता. उचलला. दोन तासांनी लालभडक सुरू झालं. पाळीच्या दुसऱ्या दिवसासारखं. नवरा मुलीला झोपवताना स्वतःच झोपलाय. सासूबाईंना यातलं काहीच माहीत नाही, त्यांना फक्त "छोटी तपासणी" एवढंच सांगितलंय. परवा गणपती, मंगळवारी गौरी.

हे नॉर्मल आहे का? नवऱ्याला उठवू का?

---

थेम्सकाठची
५ सप्टेंबर २०२४, रात्री ११.५२

आधी उठव. मग बाकीचं वाच.

---

काचपट्टी
६ सप्टेंबर २०२४, रात्री १२.०५

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. तरी एवढं सांगू शकते. ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान जखमेवरची खपली सुटते आणि तेव्हा ताजं लाल रक्त जाणं बरेचदा होतं. बहुतेकींचं आपसूक थांबतं. जारने निमित्त केलं असेल, नसेलही.

पण थांबून बघायची हद्द ठरलेली आहे. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय, मोठ्या गुठळ्या पडतायत, चक्कर येतेय, ताप आहे किंवा घाण वास येतोय, यातलं एक जरी असलं तरी सकाळची वाट न बघता जिथे लीप केलं तिथल्या कॅज्युअल्टीत जा. आत्ता नवं पॅड लाव, घड्याळ बघ, आडवी हो. कॉफी-चहा राहू दे, पाणी पी. ॲस्पिरिन घेऊ नकोस.

आणि हो, उठव त्याला.

---

आंबेहळद
६ सप्टेंबर २०२४, रात्री १२.२०

काचपट्टी +१. जुई, इथे लिहीत राहा, मी जागी आहे. माझी नाईट शिफ्ट आहे.

---

जुई_नवी
६ सप्टेंबर २०२४, रात्री १.१५

पन्नास मिनिटांत पॅड भरलं. निघतोय. सासूबाई उठल्या आवाजाने.

---

जुई_नवी
६ सप्टेंबर २०२४, सकाळी ९.३०

आले घरी. ड्युटीवरच्या डॉक्टरने बघितलं. खपलीच्या कडेचं एक टोक वाहत होतं. पुन्हा तोच पिवळट लेप आणि आत गॉजची पट्टी ठेवली, चार तासांनी ती काढली. टाका लागला नाही. हिमोग्लोबिन १०.८, ते माझं आधीपासूनच तसं असतं. एक आठवडा सक्तीने घरी.

काचपट्टी, थेम्सकाठची, आंबेहळद, तुम्हाला काय म्हणू. माझ्या फोनमधल्या दोनशे ऐंशी कॉन्टॅक्टपैकी एकालाही रात्री बारा वाजता हा प्रश्न विचारता आला नसता.

---

परखड_बोल
६ सप्टेंबर २०२४, सकाळी १०.१०

काळजी घ्या. पण एक विचारतो, राग मानू नका. हा व्हायरस संबंधातून पसरतो ना? मग सुशिक्षित घरात हे कसं होतं?

---

थेम्सकाठची
६ सप्टेंबर २०२४, सकाळी १०.३५

राग मानला.

---

काचपट्टी
६ सप्टेंबर २०२४, सकाळी ११.००

परखड, प्रश्न विचारलात ते एका परीने बरं झालं, कारण हा प्रश्न न विचारता मनात ठेवणारे जास्त असतात आणि घरं त्यानेच मोडतात.

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यातले साधारण डझन-दीड डझन कॅन्सरच्या दृष्टीने धोक्याचे, आणि १६ व १८ हे दोनच मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरना जबाबदार. ज्याचे कधी ना कधी शरीरसंबंध आलेत अशा बहुतेक माणसांना आयुष्यात एकदा तरी यातला कुठला तरी विषाणू लागून जातो. सर्दीसारखा येतो आणि दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून दोन वर्षांत निघूनही जातो, त्यांना पत्ता लागत नाही. उरलेल्या एखादीत तो मुक्काम ठोकतो. तो वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो, म्हणून "कुणाकडून, कधी" याचं उत्तर कुठल्याच लॅबमध्ये मिळत नाही. लग्नाला दहा वर्षं झालेल्या, दोघांनाही दुसरं कुणी नसलेल्या जोडप्यात तो आज पॉझिटिव्ह येऊ शकतो. कंडोमने शक्यता कमी होते, पूर्ण जात नाही. पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली अशी तपासणीच नाही, त्यामुळे "तूही करून ये" हेही जमत नाही.

शिक्षणाशी त्याचा संबंध एवढाच की शिकलेली बाई तपासणीला पोचण्याची शक्यता जास्त.

---

मुका_प्रेक्षक
६ सप्टेंबर २०२४, दुपारी १.४५

सहा वर्षं फक्त वाचतोय इथे, पहिलाच प्रतिसाद. माझ्या बायकोचं दोन वर्षांपूर्वी झालं. रिपोर्ट हातात आल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "हे आलं कुठून?" मला खरंच माहिती हवी होती. तिला तो आरोप वाटला, आणि ज्या आवाजात मी बोललो त्यात तो तसा वाटायला नको होता असंही म्हणता येणार नाही. नंतर डॉक्टरांनी समोर बसवून वर काचपट्टींनी लिहिलंय तेच सांगितलं. पण ते वाक्य आमच्या घरात अजून आहे. भांडण झालं की कुठल्या तरी कपाटामागून निघतं.

कामाचं सांगतो. कालनिर्णय आणलं की आधी पुढच्या तपासणीची तारीख मी त्यावर लिहितो. दूध, गॅस, तपासणी. तिला आठवण ठेवावी लागत नाही.

---

जुई_नवी
६ सप्टेंबर २०२४, दुपारी ३.२०

मुका_प्रेक्षक, हा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. त्याने काही न बोलता फोन परत दिला. पण मग जाऊन जारवाल्याला फोन केला की यापुढे जार आत आणून मशीनवर चढवून द्यायचा, दहा रुपये जास्त घे.

---

सुपारी
६ सप्टेंबर २०२४, संध्याकाळी ६.००

बाळ, मी पासष्टीची आहे. एवढं सगळं करत बसण्यापेक्षा पिशवीच काढून टाकायची. एक मूल आहेच. माझ्या दोन्ही जावांनी चाळिशीत काढली, सुटल्या.

---

ज्वारीचं_कणीस
६ सप्टेंबर २०२४, रात्री ८.३०

सुपारीकाकू, तुमच्या वयाचा मान ठेवून लिहिते. मी बार्शीची. आमच्याकडे "पिशवी काढून टाका" हा सल्ला चहासारखा मिळतो. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या तेव्हा राज्यभर गहजब झाला. तिशीच्या आतबाहेरच्या पोरींच्या पिशव्या काढलेल्या, कुणाला नुसतं अंगावरून पांढरं जात होतं म्हणून, कुणाला "कॅन्सर होईल" अशी भीती घालून. पुढे कंबर धरते, पाळी लवकर जाण्याचे त्रास मागे लागतात, आणि हातात कोयता असतोच. सीआयएन म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पातळ थरातली बिघाड झालेली जागा. तेवढी जागा काढता येते म्हणून तर ही लीपची सोय.

आणि बार्शी म्हणाल तर आमचं गाव या विषयात जगाच्या नकाशावर आहे, हे बार्शीकरांनाही माहीत नसतं. आमच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी टाटा हॉस्पिटलबरोबर आणि परदेशी संस्थेबरोबर उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात मोठा अभ्यास केला होता, १९९९ पासून. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका गटाला एचपीव्ही चाचणी, एकाला पॅप, एकाला ते व्हिनेगर लावून बघणं, आणि एका गटाला नुसती माहिती. २००९ मध्ये निष्कर्ष आला की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढच्या टप्प्याला गेलेले कॅन्सर आणि त्याने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या गटाला तपासणीच मिळाली नाही त्यावरून पुढे बरीच टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती.

माझी मावशी त्यात होती. जीप गावात आल्यावर निम्म्या बायका शेतात पळाल्या होत्या म्हणे. मावशी नाही पळाली, कारण तिचा पाय मुरगळला होता. तिचं खराब निघालं, तेव्हाच उपचार झाले. आज ती सत्तरीला आहे आणि अजून पाय मुरगळल्याची गोष्ट सांगते.

---

सुपारी
६ सप्टेंबर २०२४, रात्री ९.१०

बरं बाई. शिकले.

---

थेम्सकाठची
७ सप्टेंबर २०२४, पहाटे ४.२०

बाप्पा मोरया सगळ्यांना. इथे अजून रात्र आहे.

माझा अनुभव इंग्लंडचा, पाच वर्षांपूर्वीचा. इथे पंचविशी झाली की सरकारकडून पत्र येतं, तपासणीला या म्हणून. मी पहिली दोन पत्रं फ्रिजवर लावून ठेवली होती. तिसऱ्याला गेले. सीआयएन २ निघालं, लीप झालं. इथे त्याला वेगळं नाव आहे पण तार तीच. नवरा भारतात गेला होता, मी एकटी बसने गेले आणि एकटी बसने आले. कुणी बरोबर न्यायला हवं होतं. दुखलं म्हणून म्हणत नाहीये. परतताना बसमध्ये मला उगाचच रडू यायला लागलं आणि शेजारच्या अनोळखी म्हातारीने पुदिन्याची गोळी दिली.

शरीर चार आठवड्यांत बरं झालं. पहिली पाळी नेहमीपेक्षा जड गेली, तेवढं लक्षात ठेव जुई, घाबरू नकोस. संबंधांना मात्र चार महिने लागले. दुखत नव्हतं. डोळे मिटले की ती स्क्रीन दिसायची. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं.

दुसरं मूल हवं असणाऱ्यांसाठी : लीपनंतर मूल होतं. मला झालं. किती खोल तुकडा काढला यावर अवलंबून पुढे वेळेआधी प्रसूतीचा धोका थोडा वाढतो, एक सेंटिमीटरहून खोल असेल तर जास्त लक्ष ठेवतात. माझी तर गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत गर्भाशयमुखाची लांबी सोनोग्राफीत मोजून बघत होते. ३८ आठवडे पूर्ण झाले. तुकड्याची खोली रिपोर्टात लिहिलेली असते, तो कागद जपून ठेव आणि पुढच्या डॉक्टरला दाखव.

---

परखड_बोल
७ सप्टेंबर २०२४, सकाळी ११.००

सगळं वाचलं. कालचा प्रश्न चुकीच्या सुरात होता. एक शंका, खरी शंका : असं रक्त जात असताना गौरीपूजन चालतं का? आमच्याकडे आई फार पाळते म्हणून विचारतोय.

---

आंबेहळद
७ सप्टेंबर २०२४, सकाळी ११.१२

झालं. आता चारशे प्रतिसाद.

---

जुई_नवी
७ सप्टेंबर २०२४, दुपारी ४.००

प्लीज त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

---

जुई_नवी
१४ सप्टेंबर २०२४, दुपारी २.३०

गौरी गेल्या, आता निवांत लिहिते. दोन गोष्टी.

पहिली सासूबाई. त्या रात्री हॉस्पिटलला जाताना त्यांनी मला बघितलं होतंच. दुसऱ्या दिवशी विचारलं, "पाळी का ग? आत्ता अठरा तारखेला तर झाली होती." त्यांच्याकडे घरातल्या प्रत्येकीचा हिशेब असतो. मला खोटं सुचेना. सगळं सांगितलं. आधी म्हणाल्या, "मग सांगितलं का नाहीस, मी काय खाणार होते तुला?" मग अर्थातच, "पिशवी का नाही काढली?" (ज्वारीचं_कणीस, तुझा प्रतिसाद जवळजवळ पाठ म्हणून दाखवला.) मग बराच वेळ वाल सोलत बसल्या. आमच्याकडे गौरी उभ्याच्या, लोखंडी सांगाडे माळ्यावरून काढायचे, सोळा भाज्या, पुरण. मीच शेवटी विचारलं की मी पूजेला बसू की नको. वाल सोलता सोलताच म्हणाल्या, "जखमेचं रक्त ते. बोट कापलं तर कुणी बाजूला बसतं का?"

सांगाडे नवऱ्याने आणि दिराने काढले. पुरण यंत्रातून सासूबाईंनी फिरवलं. मी खुर्चीवर बसून गौरींना साड्या नेसवल्या, निऱ्या यंदा फार छान पडल्या.

दुसरी गोष्ट, लीपचा रिपोर्ट. सीआयएन ३, कॅन्सर नाही. पण एक ओळ आहे, "एन्डोसर्व्हायकल मार्जिन इन्व्हॉल्व्ह्ड". म्हणजे आत राहिलंय ना? डॉक्टरबाई म्हणतात सहा महिन्यांनी बघू. राहिलंय तर सहा महिने का थांबायचं? काचपट्टी, प्लीज.

---

काचपट्टी
१४ सप्टेंबर २०२४, रात्री १०.२०

माझ्या टेबलावर हे कसं दिसतं ते सांगते, म्हणजे ती ओळ कमी टोचेल.

आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या डबीत तुकडा येतो, साधारण सोललेल्या बोराएवढा. त्याच्या कापलेल्या कडांना आम्ही शाई लावतो. मग उभे काप घेतो, कलिंगडाच्या फोडी कराव्या तसे, मेणात बसवतो, पातळ कातरतो, काचेवर रंगवतो. सूक्ष्मदर्शकाखाली शाईच्या रेषेपर्यंत बिघडलेल्या पेशी पोचल्या असतील तर लिहावं लागतं, कड गुंतलेली आहे. त्यात लीपची तार करंटची असते, त्यामुळे कडेच्या पेशी भाजून वेड्यावाकड्या होतात, आणि कधी कधी ती कड वाचणंच अवघड होतं.

आता तुझा प्रश्न. कड गुंतलेली म्हणजे पुन्हा उद्भवण्याची शक्यता स्वच्छ कडेपेक्षा जास्त, हे खरं. पण अशा बऱ्याच जणींत पुढे काहीच सापडत नाही. तारेच्या पलीकडच्या थोड्या पेशी उष्णतेने मरतात, नंतर लावलेल्या करंटने आणखी मरतात, आणि जखम भरताना शरीर स्वतःही काम करतं. लगेच दुसऱ्यांदा कापलं तर गर्भाशयमुख आणखी आखूड होतं, ते तुझ्या वयाला परवडणारं नाही. सहा महिन्यांनंतरची एचपीव्ही चाचणी ही कडेच्या ओळीपेक्षा जास्त भरवशाचा अंदाज देते. आणि बिघडलेल्या पेशींपासून कॅन्सरपर्यंतची वाट वर्षांनी मोजायची आहे, महिन्यांनी नाही, म्हणून सहा महिने थांबता येतं.

मात्र तारीख चुकवायची नाही. उपचार झाले की पोरी गायब होतात, आणि मला त्या चार वर्षांनी काचेवर भेटतात. तेव्हा रिपोर्ट लिहायला हात जड होतो. आता दर वर्षी, आणि पुढे सगळं ठीक आलं तरी तीन-तीन वर्षांनी, एकूण पंचवीस वर्षं तरी. हो, पंचवीस.

---

मुका_प्रेक्षक
१४ सप्टेंबर २०२४, रात्री १०.४५

कालनिर्णय पंचवीस वेळा आणायचं, एवढंच.

---

आंबेहळद
१५ सप्टेंबर २०२४, सकाळी ७.००

लसीचं कुणी सांगेल का? आता घेऊन उपयोग आहे का?

---

काचपट्टी
१५ सप्टेंबर २०२४, सकाळी ९.४०

झालेला संसर्ग लसीने बरा होत नाही. उपचारानंतर घेतल्याने पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं असं काही अभ्यासांत दिसलंय, पण त्यावर एकमत नाही. आपापल्या डॉक्टरशी बोलून ठरवा. न लागलेल्या प्रकारांपासून संरक्षण मिळतंच.

खरा उपयोग मुलींना, ९ ते १४ वयात, दोन डोस. १५ च्या पुढे तीन. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली, ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी सुटत नाही. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी ती सोडा, धुराने हा विषाणू टिकून राहायला मदत होते.

---

जुई_नवी
१५ सप्टेंबर २०२४, सकाळी १०.१५

मुलगी सहाची. तीन वर्षं आहेत. लिहून ठेवलं.

अवांतर : मेडिक्लेम कंपनीने क्लेम नाकारला, "चोवीस तास ॲडमिट नव्हता" म्हणून. पॉलिसीत डे केअरची यादी असते, त्यात हे बसतं का ते आधी बघा आणि आधीच मंजुरी घ्या. मी भांडतेय अजून.

---

जुई_नवी
११ मार्च २०२५, रात्री ९.५०

धागा वर काढतेय. सहा महिने झाले.

एचपीव्ही १६ निगेटिव्ह. हे वाचून मी लॅबच्या जिन्यातच खाली बसले. मग पुढची ओळ वाचली, "इतर हाय रिस्क प्रकार : पॉझिटिव्ह". म्हणजे एक भाडेकरू गेला आणि दुसरा कुणी तरी आहे, किंवा आधीपासूनच होता. पॅप नॉर्मल. तरी पुन्हा कॉल्पोस्कोपी केली, पुन्हा व्हिनेगर, पुन्हा स्क्रीन. या वेळी सायीसारखं काही नव्हतं. गुलाबी, मधे एक जुनी बारीक घडी पडल्यासारखी खूण. डॉक्टरबाई म्हणाल्या बायोप्सीची गरज नाही, वर्षाने या.

मला पूर्ण निगेटिव्ह हवं होतं. ते मिळालं नाही, आणि त्यामुळे दोन दिवस चिडचिड केली, मुलीवर ओरडले. आता ठीक आहे. मार्च २०२६ च्या पानावर लिहायला कालनिर्णय अजून आलेलं नाही, म्हणून सासूबाईंनी तारीख पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे. "सुनेची तपासणी", एवढंच.

क्लेम मिळाला. चार मेल आणि एक तक्रार.

---

थेम्सकाठची
११ मार्च २०२५, रात्री १०.३०

माझंही पहिल्या वेळी असंच आलं होतं. दुसऱ्या वर्षी गेलं. तुझं जाईलच असं म्हणत नाही, पण मला सांगायला कुणी नव्हतं म्हणून सांगते.

---

पावशेर
१९ मार्च २०२५, रात्री ११.१५

सगळा धागा दोनदा वाचला. माझं उद्या सकाळी आहे, नाशिकला. रिकाम्या पोटी जायचं का? आणि स्कूटी चालवत येता येईल का, दोनच किलोमीटर आहे.

---

जुई_नवी
१९ मार्च २०२५, रात्री ११.२२

फक्त जागेपुरती भूल असेल तर खाऊन जा, मी उपाशी गेले होते म्हणून जास्त थरथरले. पूर्ण भूल देणार असतील तर त्यांनी वेळ सांगितली असेल, ती पाळ. स्कूटी नको, रिक्षा कर. कुणाला तरी बरोबर ने.

पायमोजे घेऊन जा. आत एसी फार असतो.

---

पावशेर
१९ मार्च २०२५, रात्री ११.२५

पायमोजे. ठेवले बॅगेत. बहीण येतेय.